सहा वाजताची रात्र

मला तुच्छ लेखणारी माणसं आयुष्यात कमी भेटली नाहीत. इंजिनिअरिंगचे सर, सासरेबुवा, टोरांटोच्या एअरपोर्टवर माझ्या बॅगेतला गोडा मसाला दोन बोटांत धरून हुंगणारा कस्टमवाला, सगळे आपापल्या परीने चांगलं काम करून गेले. पण या विषयातला खरा अधिकार मी एकाच व्यक्तीत पाहिला. ती जेमतेम पावणेपाच फूट उंच होती, डोक्याला चौकड्याचा पंचा गुंडाळायची आणि माणसाचं तोंड बघण्याआधी त्याचे पाय बघायची. बऱ्याचदा तोंडापर्यंत यायची गरजच पडत नसे.

तिचं नाव साम. सगळे यिए साम म्हणत. यिए म्हणजे त्यांच्या ख्मेर भाषेत आजी. कंबोडियातून आल्यावर वीसेक वर्षं मश्रूमच्या अंधाऱ्या शेडमध्ये काम करून ती निवृत्त झाली होती. तिथेच ती इंग्रजी शिकली, त्यामुळे तिच्या इंग्रजीत हुकूम आणि तक्रार एवढी दोनच क्रियापदं होती, असं म्हटलं तरी चालेल. तिचा जावई रिथी याने एरी सरोवराच्या अंगाला एक जुनं फार्म घेतलं होतं. दक्षिण ओंटारिओतला तो भाग बऱ्यापैकी उबदार. त्याने रस्त्यावर बोर्ड लावला, ‘कंबोडियन खेड्यातला एक दिवस’. उन्हाळ्यात दर शनिवारी लोकांनी यायचं, चिखलात उतरून भात लावायचा, चटई विणायची, लाकडी उखळात पायाने दाबून धान्य कांडायचं आणि चार वाजता चिखलाचे फोटो घेऊन घरी जायचं. या सगळ्यातली अस्सल वस्तू म्हणजे यिए, आणि तिला हा कार्यक्रम अजिबात मान्य नव्हता. पण जमीन जावयाची. मागच्या बाजूचा एक तुकडा त्याने तिला तिच्या मर्जीने वापरायला दिला होता आणि त्या बदल्यात ती शनिवारी उभी राहायची.

मी तिथून पाच मिनिटांवर राहायचो. ग्रीनहाऊसमधले दिवे, पडदे, पाणी कंप्युटरवर चालवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रामर होतो. मूळचा कोथरूडचा. दोन हजार सात-आठच्या सुमारास एका शनिवारी बायकोला, म्हणजे वैशालीला, आणि मुलीला घेऊन गेलो. जाताना ऑफिसातल्या एकाकडून मासे पकडायला घालतात ती छातीपर्यंतची रबरी विजार मागून आणली होती. चिखल म्हटल्यावर तयारी नको?

यिएने सवयीने माझ्या पायांकडे पाहिलं. ते रबरात होते. मग तिने रिथीकडे पाहून काहीतरी विचारलं.

“ती म्हणते, वेलकम,” रिथी म्हणाला.

“मी तसं म्हणाले नाही,” यिए तिच्या इंग्रजीत म्हणाली. “मी विचारलं, याला पाय आहेत का?”

विजार उतरवली. आत बारा वर्षं मोज्यात मुरलेले माझे पाय होते. तिने ते बराच वेळ न्याहाळले.

“हे पाय नाहीत,” ती म्हणाली. “ब्रेड आहे.”

“डॅडी, शी इज सो फनी,” माझी मुलगी म्हणाली. वैशालीच्या चेहऱ्यावर, आपण एकट्याच नाही आहोत हे कळल्याचं समाधान दिसलं.

आता गप्प बसायचं ना! पण मी म्हणालो, “आमच्याकडे भोरला भातशेती आहे. आंबेमोहोर.”

यात खरं इतकंच की भोरजवळ काकाची शेती आहे आणि दर दिवाळीला कोथरूडला तांदळाचं एक पोतं येतं. मी स्वतः तिथे लावणीच्या वेळी एकदाच गेलो होतो, अकराव्या वर्षी. छत्री धरून बांधावर बसलो आणि शेंगा खाल्ल्या. पण परदेशात राहिलं की माणसाच्या मागे शेती आपोआप वाढत जाते. तिथल्या महाराष्ट्र मंडळात मी असे कितीतरी बागायतदार पाहिलेत, ज्यांना कोथिंबीर आणि पार्सलीतला फरक बायको सांगते.

यिएने माझ्या हातात रोपांची जुडी दिली. मी जोरात सुरुवात केली. एक रोप रोवलं, पुढे पाऊल टाकलं, दुसरं रोवलं, पुढे पाऊल. पाचव्या रोपाला लक्षात आलं की बाकी सगळे मागे मागे सरकत लावताहेत आणि मी माझी चार रोपं तुडवत आलोय.

“तुमच्याकडे पुढे चालत लावतात?” यिएने विचारलं.

“हो,” मी म्हणालो. दुसरा मार्गच नव्हता.

“मग तुमच्याकडे लोक खातात काय?”

पुढच्या चार वर्षांत माझ्या ‘आमच्याकडे’ची तिने इतकी वाट लावली की तो शब्द तोंडात आला की अजूनही माझी जीभ चाचरते. भात कोवळा असतानाच भाजून, कांडून ते लोक त्याचं आंबोक करतात. चपटे, हिरवट, वासाचे. केळं आणि नारळाच्या पाण्याबरोबर खातात. मी पहिल्यांदा खाल्लं आणि आनंदाने ओरडलो, “अहो, हे तर पोहे! आमच्याकडे यात कांदा घालतात, शेंगदाणे, वरून लिंबू...”

“तुमच्याकडे गप्प बसून काही खातात का?” यिए म्हणाली.

तर ती पहिली ओळ. तुडवलेली रोपं सोडून मी नंतर मागे सरकत एक आख्खी ओळ लावली. अकरा फूट. कंबर धरली, पण ओळ झाली. महिन्याभराने मंडळाचे दहा-बारा लोक घेऊन ती दाखवायला गेलो. वाटेत गाडीत भातलावणीवर लहानसं व्याख्यानही दिलं. पोचल्यावर वाफ्याकडे बोट दाखवून म्हणालो, “ती बघा, डावीकडून तिसरी. माझी.”

“तुझी?” यिए मागून म्हणाली. “तुझी मी त्याच दिवशी उपटली.”

मग कळलं ते असं. पाहुण्यांचा वाफा वेगळा होता. दर शनिवारी पाहुणे तो लावायचे आणि ते गेले की यिए सगळी रोपं उपटून, धुऊन, जुड्या बांधून पाण्यात ठेवायची, पुढच्या शनिवारच्या पाहुण्यांसाठी. तीच रोपं जूनपासून पाच वेळा लागली होती. खरा भात घराच्या पलीकडच्या वाफ्यात होता आणि तो तिने एकटीने लावला होता.

“म्हणजे आमचं एकही रोप...?” मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

“ती म्हणते, तुम्ही सर्वांनी फार छान...” रिथीने सुरू केलं.

“तुम्ही लावलेला भात उगवत नाही,” यिए म्हणाली. “तुम्ही लावलेला भात फोटोत येतो.”

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण परत जाताना विचार केला तर तिचं काही चुकलं नव्हतं. आम्ही शेती करायला गेलोच नव्हतो. आपण शेती करू शकलो असतो, असं चार तास वाटून घ्यायला गेलो होतो.

पाहुण्यांना काय वाटून घ्यायचंय हे तिला बरोबर कळायचं आणि ते ती देत नसे. एकदा एक निवृत्त शिक्षिका आली होती. वाफ्यात उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून, यिएचा हात हातात घेऊन ती म्हणाली, “तुम्ही त्या काळात काय काय सोसलं असेल!” सगळे गंभीर झाले. मीही चेहरा तयार केला. यिएने खाली पाहिलं.

“तुम्ही उभ्या आहात,” ती म्हणाली, “तिथे रोप आहे.”

टोपल्यांचंही तेच. पाहुण्यांना तळ्याकाठच्या लव्हाळ्याच्या पात्यांची टोपली विणायला शिकवायची. लोक ती छातीशी धरून नेत. तिच्या स्वतःच्या टोपल्या मात्र खोक्यांना बांधून येणाऱ्या पिवळ्या-निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या होत्या, सुबक आणि दणकट. शनिवारी सकाळी रिथी त्या सगळ्या गराजमध्ये लपवायचा, कारण त्या अस्सल दिसत नसत. मी विचारलं तर म्हणाली, “गवत पाहुण्यांना. ते घरी नेऊन भिंतीला टांगतात. भिंतीला काय उचलायचं असतं?”

मी मात्र जात राहिलो. का, ते सांगता येणार नाही. वैशालीच्या मते मला अपमानाची सवय लागली होती आणि घरचा पुरत नव्हता. हळूहळू यिए मला ‘टोमॅटो’ म्हणू लागली, कारण आमची सिस्टिम मुख्यतः टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये चालायची. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचो, पण मनात ती केव्हाच आजी झाली होती, आणि मनात आजीला कोणी अहो-जाहो करत नाही.

आता यिएच्या चार टबांबद्दल.

मागच्या तुकड्यात, शेडच्या आडोशाला, चार काळे टब होते. त्यात अकरा रोपं. वाफ्यातला भात तिने एका कोरियन ओळखीच्याकडून बी घेऊन लावलेला, थंड मुलुखातला, लवकर येणारा. त्याला ती भात म्हणत नसे, गवत म्हणायची. टबातला भात तिच्या गावचा होता. ती तिकडे शेवटची गेली तेव्हा बहिणीने मूठभर बी दिलं होतं. त्यानंतर बहीण गेली, आणि ज्या शेतातलं ते बी होतं तिथे कपड्यांचा कारखाना झाला. म्हणजे जगात ते बी आता तिच्याकडेच. दर वर्षी ती थोडं पेरायची, भात हिरवागार वाढायचा आणि लोंबी न धरताच थंडीत मरायचा. उरलेलं बी म्हातारं होत चाललं होतं. माझ्या तिथल्या चौथ्या उन्हाळ्यात तिने सगळंच पेरलं. त्यातली अकरा उगवली. डबा रिकामा झाला.

“या वर्षी दाणा धरला तर पुढे बी,” ती एकदा म्हणाली होती. “आणि नोव्हेंबरच्या पौर्णिमेला चंद्राला एक मूठ आंबोक. नाही धरला तर संपलं.”

जुलैच्या मध्यापासून ती रोज संध्याकाळी सहा वाजता त्या टबांवर जाड काळी ताडपत्री टाकायची आणि सकाळी काढायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी या क्षेत्रातला ना! हरणांपासून, दवापासून वगैरे असणार, असं मी माझं ठरवून टाकलं.

ऑगस्टमध्ये तिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. एकूण दोन आठवडे, आधी हॉस्पिटल आणि नंतर दुसऱ्या मुलीकडे. रिथीवर तिचा विश्वास नव्हता. सहा वाजता तो कुठे असेल हे त्याला स्वतःलाही पाच वाजता माहीत नसायचं. तिने मला बोलावलं.

“टोमॅटो. रोज सहाला झाकायचं. सकाळी सहाला काढायचं. पाणी घालायचं.”

“नक्की, यिए. काळजी करू नका. मी—”

“डोकं वापरू नकोस.”

पहिल्या दिवशी मी बरोबर सहाला ताडपत्री टाकली. ऑगस्टमधले सहा. उन्हं अजून चांगली वर होती, समोरच्या शेतात मका चकाकत होता, आणि इथे ही बिचारी अकरा रोपं काळोखात. माझा जीव कळवळला. ज्याला दिवसभर टोमॅटोचे आकडे बघायचे आहेत त्याला एकच गोष्ट पक्की कळते. जास्त प्रकाश, जास्त वाढ. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या स्टोअरमधून एक छोटा लालसर ग्रो-लाइट आणला, ताडपत्रीच्या आत टांगला, टायमर लावला. सहा ते दहा. झाकलेलं झाकलेलं राहिलं, तिचा हुकूम मोडला नाही, आणि रोपांना चार तास जादा. रोपं अशी तरारली म्हणून सांगू! वैशालीला मी फोटो दाखवले.

“आजींना विचारलंस?” ती म्हणाली.

“सरप्राइज आहे,” मी म्हणालो.

यिए कुबड्या घेऊन परत आली ती सरळ मागे गेली. मी मागोमाग, बक्षीस घ्यायला. तिने ताडपत्रीचं टोक उचललं, आत दिवा पाहिला. रिथीही मागे उभा होता, पण त्याला भाषांतर करायला काही मिळालं नाही. तिने एका रोपाचा बुंधा दोन बोटांत धरून हलकेच दाबला, वरपर्यंत चाचपला. मग दुसऱ्याचा. अकराही. पोटरीत, म्हणजे पानाच्या फुगलेल्या देठात, लोंबी असेल तर बोटाला लागते. लागली नाही.

“कधीपासून?”

“दुसऱ्या दिवसापासून. तेरा दिवस.”

ती उलट्या बादलीवर बसली.

“आमच्याकडे सहाला रात्र होते,” ती म्हणाली. तिच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. “हा भात रात्र मोजतो. रात्र मोठी झाली की त्याला कळतं, पाऊस संपला, आता लोंबी काढायची. इथे उन्हाळ्यात रात्रच नाही. तो वाट बघत बसतो, आणि मग बर्फ पडतं. म्हणून झाकायचं. त्याला वाटलं पाहिजे की तो घरी आहे.”

मी दिव्याकडे बघत होतो.

“तीन आठवडे मी त्याला खोटं सांगत होते,” ती म्हणाली. “त्याला पटत आलं होतं. तू तेरा दिवसांत खरं सांगून टाकलंस.”

मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिने दिवा काढून माझ्या हातात दिला, जसं पोराच्या हातातून पडलेलं खेळणं परत द्यावं तसा. तेवढा अपमान माझा आजवर झालेला नाही.

पण थांबा, अजून आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे एका जुन्या सहकाऱ्याला सांगितलं. तो हसत सुटला. शेवंतीवाले हेच तर करतात, म्हणाला. शेवंतीला लवकर फूल यावं म्हणून संध्याकाळी काळा पडदा ओढतात. “तो पडद्याचा प्रोग्राम कोणी लिहिलाय, माहीत आहे ना?”

मी लिहिला होता. दोन वर्षांपूर्वी. ‘पडदा बंद, वेळ अमुक. पडदा उघड, वेळ तमुक.’ दहा ग्रीनहाऊसमध्ये तो बिनचूक चालत होता. पडदा कशासाठी, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी आमच्या एका शेवंतीवाल्या गिऱ्हाइकाच्या अक्षरशः पाया पडलो. त्याने एक कोपरा दिला. तिथे ऊब होती, बर्फाची भीती नव्हती आणि सहाला पडदा होता. टब माझ्या गाडीतून नेले. यिए मागे बसली, एक हात टबावर, एक माझ्या सीटच्या पाठीवर. ताशी तीस किलोमीटरच्या वर काटा गेला की पाठीत कुबडी बसायची.

त्यानंतर ती रोज पावणेसहाला तिथे हजर. पडदा पुरता मिटेपर्यंत उभी राहायची. पहिल्या दिवशी मोटर सुरू झाली, पडदा सरकत आला, अंधार झाला.

“हे कोणी लिहिलं?” अंधारातून आवाज आला.

“मी.”

मोटर थांबली.

“दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतलंस?”

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरची पौर्णिमा आली आणि गेली. त्या दिवशी टबात नुसती पानं होती. तिने रिथीच्या घरी गवताच्या भाताचं आंबोक केलं, चंद्राला दाखवलं, मला एक वाटी दिली. मी गप्प बसून खाल्लं. चार दिवसांनी तिचा फोन आला, इतक्या वर्षांतला पहिला. “ये,” एवढंच. मी गेलो. अकरातल्या चार रोपांना पोटरीतून लोंबी डोकावत होती. बोटभर. मी आनंदाने काही म्हणणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

त्या चारांतल्या दोन लोंब्यांत दाणा भरला. नवीन वर्ष उजाडल्यावर तिने दाणे हाताने काढले. रिकामं भांडं माझ्याकडे मागितलं. वैशालीने मिसळणाच्या डब्यातली एक वाटी घासून दिली. दाणे तिच्या तळाला जेमतेम पसरले. आंबोक सोडाच, एक घास झाला नसता. पण बी होतं, आणि नवं होतं. यिएने वाटी नाकाशी नेली.

“जिरं,” ती तिरस्काराने म्हणाली, आणि वाटी पंच्यात गुंडाळून घेऊन गेली. वाटी परत आली नाही. वैशालीचा डबा अजून सहा वाट्यांचा आहे.

नंतर मला दुसरी नोकरी मिळून आम्ही स्कारबरोला आलो. दोन वर्षं तिकडे जाणं झालं नाही. मग एका जुलैत गेलो, शनिवारी. कार्यक्रम उरकत आला होता. पंधरा-वीस पाहुणे उखळाभोवती, यिए काठी टेकून उभी, आणखी बारीक झालेली. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि ओळखलं.

“हा,” ती पाहुण्यांना म्हणाली, “याने माझ्या भाताला दिवा लावला.”

पाहुणे कुतूहलाने माझ्याभोवती जमले. एकीने फोटो काढला. रिथीने नंतर सांगितलं, की गोष्ट ती दर शनिवारी सांगते, दुपारच्या जेवणानंतर, चटईच्या आधी. मी कार्यक्रमात होतो. मी येईपर्यंत फक्त नमुना हजर नव्हता.

पाहुणे गेले. सहा वाजत आले. ती मागे निघाली, मी मागोमाग. आता चौदा टब होते, एका रांगेत, गच्च. तिने ताडपत्रीचं एक टोक माझ्याकडे दिलं, दुसरं आपण धरलं. मी ओढायला लागलो.

“थांब. खिसे.”

“काय?”

“खिसे रिकामे कर.”

मी केले. किल्ल्या, पाकीट, फोन. नेमका तेव्हा फोन उजळला. वैशाली विचारत होती, कुठे आहेस. यिएने तो माझ्या हातून घेतला, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या टोपलीत उपडा घातला, वर स्वतःच्या डोक्यावरचा पंचा टाकला. मग आम्ही ताडपत्री ओढली. ती वाकून कडेने आत शिरली आणि भाताशी ख्मेरमध्ये काहीतरी बोलली. बराच वेळ.

रिथी फाटकाशी उभा होता. “ती म्हणते,” तो मला म्हणाला, “की तुम्ही आलात, फार बरं वाटलं.”

बाहेर लख्ख ऊन होतं. ताडपत्रीखालून, रात्रीतून, आवाज आला.

“मी तसं म्हणाले नाही.”